शेवटचे बरे पाहिले

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर एक चौकोन असतो:
रुग्णाला शेवटचे बरे कधी पाहिले?
तास. मिनिटे.
चोवीस ताशी घड्याळाप्रमाणे, असं खाली बारीक अक्षरात.

मोरेश्वर तांबट, वय अठ्ठावन्न, भांडी बाजारामागची आळी.
द्वारकेच्या चौकात रिक्षा पाऊण तास अडकली,
हे लिहायला जागा नसते, मी समासात लिहिलं.
रक्तदाब दोनशे चौदा.
उजवा हात उचलला की पडतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
स्कॅनवर पांढरा डाग, डावीकडे, खोल.
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले दोन:
चौतीस मिलिलिटर.
आचमनाच्या पळीने मोजलं तर सातेक पळ्या,
आणि पळ्या तर हा माणूस शेकड्याने घडवतो.

प्रमिलाबाई बाकड्यावर. चपला उलटसुलट घातलेल्या.
मी विचारलं, शेवटचे बरे कधी पाहिले?
बघितलं कुठं बाई, मी आत डाळ निवडत होते.
ऐकलं.
मठारताना ह्यांचा हात कसा पडतो ते सगळ्या आळीला ठाऊक,
दोन जवळ, एक लांब. दोन जवळ, एक लांब.
आज घंगाळ होतं, कुणाच्या तरी लग्नाचं.
शेजारची पाण्याची मोटर साडेतीनला लागते, तोवर नीट होतं.
मग एक ठोका उशिरा आला.
वाटलं, तंबाखू मळतायत.
मग दोन आलेच नाहीत.
मग एक आला, पण तो तांब्यावर नव्हता.

पंधरा पस्तीस, मी लिहिलं.

संगणकाने चिठ्ठी टाकली. औषध की नुसतं सलाईन
मला कळत नाही, डॉक्टर बेंडकुळ्यांनाही नाही,
कळू नये अशीच बांधणी आहे.
संमतीच्या कागदावर पेन टेकवून त्यांनी विचारलं,
ह्यांना गुण येईल?
मी पाठ असलेलं वाक्य म्हटलं: येईलच असं नाही,
पुढच्या कुणाला कदाचित.
पुढच्या म्हणजे कुणाच्या, असं म्हणाल्या
आणि सही केली.

रात्रभर तासातासाला टॉर्च. डावी बाहुली, उजवी बाहुली.
पहाटे चारला डावी मोठीच राहिली.
मिठाचं पाणी चढवलं, धावपळ झाली,
पाचला ती परत आली, तिचं तिलाच काही माहीत नसल्यासारखी.

आठवड्याने बंगळुरूहून शंका आली, लाल अक्षरात.
वेळ पाहिल्याची हवी, ऐकल्याची नव्हे. पुरावा जोडा.

रविवारी मी आळीत गेले.
घंगाळ अजून ऐरणीशीच पडलेलं.
तळापासून काठाकडे खळग्यांच्या ओळी, चकचकीत,
बोटाने मोजता येतील अशा.
काठाच्या चार बोटं अलीकडे एक खळगा घसरलेला.
पुढे कोरं तांबं.
मोबाइलवर फोटो काढला, जोडला.
उत्तर आलं: स्वीकारार्ह दस्तऐवज नाही.
ती शंका अजून उघडीच आहे.

नव्वदाव्या दिवशी फोन करायचा असतो.
शून्य ते सहा, त्यातला एक आकडा.
आधाराशिवाय चालतात? नाही.
आंघोळ? मुलगा घालतो.
चार, मी लिहिलं.
बोलतात का?
'हो' आणि 'च्यायला', एवढंच, म्हणाल्या,
आणि हसल्या, पहिल्यांदाच.

मागे काहीतरी वाजत होतं.
एक. बराच वेळ काही नाही. एक.
काय चाललंय?
काही नाही हो, जुना तांब्या दिलाय डाव्या हातात,
चेपला तर चेपला.

माझे प्रश्न संपले होते.
यादीत पुढचा नंबर सिन्नरचा, त्यांचाही आज नव्वदावा.
तरी फोन कानाला तसाच.
एक.
मग दोन जवळजवळ आले,
की मला तसं वाटलं.
फॉर्मवर चार होते, ते चारच ठेवले.